लिव्हरवरचा हात

मिरजेत आताशा म्हातारं माणूस गेलं, की समाचाराला आलेले लोक चपला काढता काढता हलक्या आवाजात एकच विचारतात, "हात दिले होते का?"

दिलेले असले तर घरच्यांना तेवढाच आधार. सतारीची जवारी लावणारा, म्हणजे घोडीवर कानस फिरवून तारेचा आवाज मोकळा करणारा एखादा कारागीर जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानातलं यंत्र हुबेहूब त्याच्यासारखी जवारी लावू लागतं. कुणा आजींच्या शेवया त्यांच्या तेराव्यालाही त्यांच्याच हातच्या वाढल्या जातात. न देता गेलेल्याबद्दल मात्र लोक "हात घेऊन गेला" म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडी नाराजीच असते.

भरतेश मगदूम हात घेऊन गेला होता.

त्याची थोरली बहीण जयमाला या गोष्टीवर फार चिडलेली होती. दुःख होतंच, पण राग त्याच्याही वर तरंगत होता. कारण मंगळवार पेठेतल्या तिच्या घरात, जेवणाच्या टेबलाची जागा अडवून, माणसाच्या उंचीचं एक काळं लाकडी खोकं उभं होतं. दोघांनी मिळून बनवलेलं. प्लायवूड भरतेशनं कापलं, मापं जयमालाची. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात तिची हयात गेली होती. काचेच्या नळीचा जाडजूड जुना टीव्ही त्यांनी भंगारवाल्यांच्या पाया पडून मिळवला. जवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहतात, तसला. लाल गोळ्याची लिव्हर, दोन बटणं, नाणं टाकायची फट, सगळं जागच्या जागी. नव्हता फक्त गेम.

साठ-बासष्ट वर्षांपूर्वी एसटी स्टँडच्या मागं दस्तगीरभाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथले बाकीचे गेम आज कुणालाही फुकट मिळतात. पण एक खोकं दस्तगीरभाईंनी स्वतःच्या डोक्यानं जुळवलं होतं, आणि त्यातला गेम साऱ्या जगात एकच होता. त्याचं नाव 'आड'. पडद्यावर खोल, दगडी, वाकडातिकडा आड. त्यात पोहरा सोडायचा, कपारींना न आपटता पाण्यापर्यंत न्यायचा आणि भरून वर काढायचा. लिव्हरनं पोहरा डावी-उजवीकडं झुलवायचा. एका बटणानं दोर सोडायचा, दुसऱ्यानं धरायचा.

खेळ एकट्यासाठी होता. पण मगदुमांच्या पोरांकडं एका वेळी नाणं एकच असे, आणि शिकवणीला जातो म्हणून घरातून सुटलेली पोरं दोन. म्हणून लिव्हर भरतेशची आणि बटणं अक्काची, अशी वाटणी झाली. त्या दुकानात मुलगी म्हणून जयमाला एकटीच. बाकीची पोरं खिदळायची, पण या जोडीनं एकदा पोहरा सोडला की आपापले गेम सोडून मागं येऊन उभी राहायची.

दुकान गेलं, दस्तगीरभाई गेले, खोकं कुणी कुठं फेकलं ठाऊक नाही. आठवणीवरून सांगून जयमालानं एकाकडून तो गेम नव्यानं लिहून घेतला होता. दिसायला तसाच. दोघं उभी राहिली, पोहरा सोडला, आणि एकमेकांकडं बघून एकदमच म्हणाली, "ह्यो न्हवं."

खरा गेम हातांना तरी आठवत असणार, म्हणून मग डॉ. नफीसा मुजावर यांच्याकडं जाऊन दोघांनी हात द्यायचं ठरलं. भरतेश "पुढच्या महिन्यात जाऊया की अक्का, पळून जातंय व्हय?" म्हणत राहिला, आणि एका सकाळी स्वतःच गेला.

"अर्धवट काम टाकून जायची रीत न्हाई आमच्यात," जयमाला डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसता बसता म्हणाली. "माझे तरी हात वाचा. निम्मा गेम तर निम्मा."

लोक ज्याला हात देणं म्हणतात, त्याला शास्त्रात 'वळणलेख' हे नाव आहे: हाताला पडलेल्या वळणाचा लेख. डोकं विसरतं, पण सायकल, सुई, पोळपाट हे हात विसरत नाहीत, कारण ही विद्या लहान मेंदूत वेगळी साठवलेली असते. आणि मुरलेला हात डोळ्यांची वाट बघत नाही. पुढं काय येणार हे ओळखून तो आधीच तयार होतो, आणि त्या तयारीची बारीक लहर मेंदूतून मनगटापर्यंत धावते. डोक्यावर जाळीची टोपी आणि मनगटावर पट्टा चढवून डॉ. मुजावर या लहरी टिपत. हात कशाकशाला तयार होता हे कळलं, की त्याच्यासमोर काय काय येत असे तेही काढता येतं. किल्लीचे दाते बघून कुलूप घडवावं, तसं.

पहिलं वाचन वरवरचं होतं. ते संपल्यावर डॉक्टरांनी आकृत्या पुन्हा पुन्हा मागंपुढं करून बघितल्या. जयमालाची मुलगी शोभावी अशा वयाच्या होत्या त्या.

"अक्का, तुमच्या बोटांत दोन माणसं आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हंजे?"

"तुमची बोटं फक्त पोहऱ्याला तयार होत नव्हती. लिव्हर आता कुठं झुकणार, किती जोरात, धरणारा घाबरला तर कशी झुकणार, यालाही तयार होत होती. तुम्हाला तुमच्या भावाचा हात पाठ आहे."

"मी कवा धरली लिव्हर? त्याचा हात तो घेऊन गेला. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

"आडात आहे, तेच तर सांगतेय. सगळा गेम निघेल, आणि त्याबरोबर भरतेशकाकांचा हातही निघेल. लिव्हरच्या खाली दोन मोटरी बसवल्या, तर ती त्यांच्यासारखी हलेल."

जयमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसून टाकलं आणि विचारलं, "कवा बसू वाचनाला?"

"आधी ऐका. एवढं खोल वाचायचं तर किंमत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नाही. ती मेणासारखी असते. वापरायला काढली की मऊ पडते, वापरून झाली की परत घट्ट बसते. आम्हाला ती फार वेळ मऊ ठेवावी लागते. इतका वेळ, की नंतर ती बसत नाही. लेख निघतो आणि हात कोरा होतो. म्हणून तर लोक अगदी शेवटाला हात देतात. एक सतारवाले माझं न ऐकता लवकर देऊन बसले. आता रोज दुकानात येतात आणि स्वतःच्याच यंत्राला विचारतात, कसं लावलंस रे."

"दस्तगीरभाईंचं दुकान विसरीन मी?"

"नाही."

"भरत्याचं तोंड? त्याचं हसणं?"

"ते सगळं राहील. फक्त हाताला येत होतं ते जाईल."

"मग ह्या वयात त्या दोन बटणांचं काय लोणचं घालायचंय मला?" जयमाला म्हणाली. "काढा."

डॉक्टरांनी आठवडाभर विचार करायला सांगितलं. जयमालानं तो आठवडा लिव्हरच्या, आणि असू देत म्हणून बटणांच्याही, खाली मोटरी बसवण्यात घालवला.

वाचन झालं, लेख खोक्यात भरला, आणि एका रविवारी सकाळी डॉ. मुजावर स्वतः मंगळवार पेठेत आल्या. जयमालानं घर झाडून घेतलं होतं, खोक्याला हार घातला होता. जुनं एक रुपयाचं नाणं तिनं कपाळाला लावून फटीत सोडलं.

पडदा उजळला. तोच निळा उजेड, तेच शेवाळलेले दगड, तीच डावीकडची वाकडी कपार. आणि लाल गोळ्याची लिव्हर, कुणी हात न लावता, दोनदा गोल फिरली.

"देवा!" जयमाला खुर्चीचा आधार घेत म्हणाली. "असंच करायचा! खेळायच्या आधी दोन प्रदक्षिणा. मी ओरडायची, मोडशील म्हणून." ती हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हीची तिला लाज वाटत नव्हती. बटणांवर बोटं ठेवून ती म्हणाली, "चल भरत्या."

लिव्हर मधोमध येऊन थांबली.

जयमालानं दोर सोडला. पोहरा सरळ खाली गेला आणि पहिल्याच कपारीवर आपटून फुटला. लिव्हर तसूभरही हलली नव्हती. दुसरा पोहरा, तिसरा पोहरा, तीच गत. नवं नाणं टाकलं. दोन प्रदक्षिणा झाल्या, आणि पुन्हा ती मधोमध थांबली.

"मोटर अडकली बहुतेक," जयमाला म्हणाली. तिनं मागची फळी उघडली. मोटरी ठणठणीत होत्या.

डॉक्टरांनी लेख उघडून बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अक्का, प्रत्येक पोहऱ्याच्या आधी तुमचं बोट धरायच्या बटणावर काहीतरी करायचं. अगदी हलके तीन ठोके. ते झाल्याशिवाय काका लिव्हर हलवत नसत."

"मी? छ्या! आम्ही नुसतं एकदम सुरू करायचो."

"तुम्हाला ते माहीत नव्हतं. बोटाला माहीत होतं."

जयमालानं तीन ठोके दिले. काही नाही. डॉक्टरांनी दिले. काही नाही. ठोके तीनच असले तरी त्यांच्यामधली अंतरं, दाब, शेवटच्या ठोक्याला किंचित रेंगाळणं, हे सगळं मिळून ती खूण होत होती. दारावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखू येतं. पण तसं चालून दाखव म्हटलं तर दुसऱ्या कुणाला जमत नाही.

"काळजी करू नका, उपाय आहे," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "तुमची बोटंही लेखात आहेतच. ती सुरू करते."

त्यांनी काहीतरी फिरवलं. धरायचं बटण आपोआप खाली-वर झालं, इतकं भरभर की डोळ्याला नीट दिसलंही नाही. लिव्हरनं झटक्यात मान वळवली, आणि पोहरा निघाला.

काय निघाला! कपारींना शिवतोय असं वाटता वाटता निसटला, वाकणावर दोर कचकन धरला गेला, लिव्हर झुकली, दोर सुटला, पोहरा झुलत झुलत काळोखात गेला आणि पाण्याला लागला. बटणं दबत होती, लिव्हर डुलत होती. मध्येच एकदा ती उगाच थरथरली, आणि जयमालाला भरतेशचा तो पोटातून येणारा खिदळण्याचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. दोन पोरं जीव तोडून खेळत होती. त्यांना कुणाची गरज नव्हती. मागं हात बांधून उभ्या असलेल्या म्हातारीकडं त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नसतं.

 आपल्याला काय होतंय ते नीट निरखल्यावर जयमालाला कळलं, की हा मत्सर आहे. आणि तो आपल्याच बोटांचा आहे.

"बंद करा," ती म्हणाली.

"अक्का, इतका सुंदर चाललाय..."

"बंद करा म्हणते ना. माझ्या भावासंगं दुसरी कोण तरी खेळतीया, ते मी बघत बसू?"

"ती तुम्हीच आहात."

"व्हय? मग हितं कोण उभी हाय?"

डॉक्टरांनी लेखातली बोटं बंद केली. मग जयमालाला खुर्चीत बसवून, तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "खरं सांगते. तुम्ही खूण परत शिकाल असं नाही. ती तुम्हा दोघांच्यात रोज खेळून घडली होती. तेव्हा तुम्ही चुकलात तर काकाही थोडं सरकायचे. आता ते सरकणार नाहीत. लेख शिकत नाही, अक्का. त्यांचं शिकणं संपलंय."

"माझं न्हाई संपलं," जयमाला म्हणाली.

त्यानंतर ती रोज दुपारची भांडी आवरून खोक्यासमोर उभी राहू लागली. एकच नाणं, फटीतून टाकायचं आणि खालून काढायचं. लिव्हर दोन प्रदक्षिणा घाली आणि मधोमध थांबे. जयमाला तीन ठोके देई. पोहरा फुटे. पुन्हा नाणं. सांधे दुखू लागले तेव्हा तिनं बोटाला तेल चोळलं. नकाशावर रेघ चुकली की कागद फाडून नवा घ्यायची तिची जुनी खोड होती, तीच इथं कामी आली. ठोका लांबवून बघितला, आखडून बघितला, नखानं देऊन बघितला. डॉक्टर फोन करून विचारत, "लेखातली अंतरं कागदावर काढून पाठवू का?" जयमालानं ती मागवली, भिंतीला चिकटवली, मोजून मोजून ठोके दिले. मोजून दिलेले ठोके तर लिव्हरला मुळीच चालले नाहीत.

एका दुपारी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तिचं लक्ष क्षणभर तिकडं गेलं, आणि बोटांनी आपसूक तीन ठोके दिले.

लिव्हर हलली.

अगदी थोडी, डावीकडं.  जयमालाची बोटं जागच्या जागी गोठली. लिव्हर तशीच कलून राहिली. दारात चाहूल लागल्यावर माणूस उठता उठता थांबतं, तशी. मग आलेलं माणूस आपलं नव्हे हे कळल्यासारखी ती हळूच परत मधोमध गेली.

 जयमालानं त्या लाल गोळ्यावर आपला तळहात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच, कारण लिव्हर तिची कधी नव्हती. खाली मोटरची बारीक थरथर चालू होती. आपली अक्का बटणांवर आली की निघायचं, एवढंच लिव्हरला ठाऊक होतं, आणि घरात वीज आहे तोवर ती थांबणार होती.

जयमालानं हात काढून घेतला, खालून नाणं उचललं आणि पदराला पुसलं.

"थांब भरत्या," ती म्हणाली, "आलेच."