तिसऱ्या ओळीचा ठसा

त्या कामात भिण्यासारखं काही नव्हतं. एका दगडाचा ठसा घ्यायचा, कागद वाळवायचा आणि संध्याकाळच्या बसनं इझमीरला परतायचं. असे ठसे मी आयुष्यात हजारभर तरी घेतले असतील.

जानेवारीतली दुपार होती. आभाळ खाली उतरलं होतं. समुद्र शिशासारखा, आणि काठावर अर्ध्या पाण्यात, अर्ध्या चिखलात उभ्या त्या जुन्या दगडी शवपेट्या. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता. माझ्यासोबत होता इथला राखणदार दुरअली. प्रत्येक पेटीजवळून जाताना तो छातीवर हात ठेवून हलकेच सलाम करी. त्याचा बाप, आजा सगळे करत आले. आतले लोक कोणत्या धर्माचे होते हे मी त्याला एकदा समजावू पाहिलं, तर म्हणाला होता की शेजाऱ्याला सलाम करताना कोणी धर्म विचारतं का.

मला हवी होती ती पेटी टोकाला, खडकावर होती. तिच्यावरच्या दोन ओळी कोणालाही वाचता येतात. पुरलेल्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, आणि इथे दुसऱ्या कोणाला पुरू नये अशी ताकीद. त्याखाली दगड झिजलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी तिथे मी तिसरी ओळ वाचली होती, 'अजून एकासाठी जागा आहे.' त्या वाचनावर माझं नाव झालं. पण मला ती अक्षरं खरंच दिसली होती की हवी होती म्हणून दिसली, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. बायकोला विचारलं होतं. नेबाहात माझ्याबरोबरच काम करायची. तिनं दगडावर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मलाही दिसते."

त्या दोन शब्दांवर मी चाळीस वर्षं झोपलो. आता नेबाहात नाही. आणि एका तरुण अभ्यासकाचं पत्र आलंय, अगदी नम्र पत्र, की तिथे ओळ कधीच नव्हती. त्याचं खरं असेल तर माझं वाचन गेलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. पण मग नेबाहात खोटं बोलली होती. एकदा बोलली, तर आणखी कितीदा?

मी कागद भिजवून दगडावर चिकटवला आणि राठ केसांच्या ब्रशनं ठोकू लागलो. असं ठोकलं की ओला कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. ब्रश नेबाहातचाच होता.

"होजा, जरा दमानं," दुरअली विडी पेटवत म्हणाला. होजा म्हणजे गुरुजी, मला तो तसंच म्हणतो. "इतकं ठोकताय, आतला दार उघडायला उठायचा."

मी हसलो. त्याला विचारलं, आत काही आहे का. काही नाही म्हणाला. चोरांनी मागची बाजू कधीच फोडलीय, आत नुसतं पाणी. मग तो चहा ठेवायला झोपडीकडे गेला. जाताना एवढं मात्र म्हणाला, "सलाम केलात तर बरं. पण काही विचारू नका हं त्यांना. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं."

मी एकटा उरलो. तिसऱ्या ओळीच्या जागेवर कागद लावण्याआधी बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं, डोळे मिटून. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दगड.

मी कागद लावला, ठोकला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी हळू, "नेबाहात... तुला दिसली होती का गं?"

लाट आली, गेली. मग दगडाच्या आतून ठोकल्याचा आवाज आला. मऊ, ओला आवाज. तीन ठोके, थोडं थांबणं, मग एक. मी सलग ठोकतो. तीन ठोकून थांबायची सवय दुसऱ्या कोणाची होती... ते मी तुम्हाला सांगायला नको.

पाणीच असेल. मी तसंच ठरवलं. कागद ओलाच सोलला, छातीशी धरला आणि झोपडीत आलो.

शेगडीपाशी धरून कागद वाळवला. दुरअलीनं चहा पुढे केला तो तसाच निवला. दगडाला चिकटलेल्या बाजूवर अक्षरं उठून आली होती. दोन ओळी. आणि खाली तिसरी, जशी मी वाचली होती तशीच, शब्दन् शब्द.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नेबाहातला एक खोड होती. वहीत लेख उतरवताना गोल अक्षर ती कधी पूर्ण मिटवत नसे, खाली बारीक फट ठेवी. मी चिडायचो. ती म्हणायची, "राहू दे. श्वास घ्यायला."

वरच्या दोन ओळींतली गोल अक्षरं बंद होती. तिसरीतली सगळी खाली उघडी.

म्हणजे ओळ नव्हतीच. नेबाहात माझ्यासाठी अजूनही खोटं बोलत होती. की ती खोटं बोलत नव्हती आणि जागा खरंच होती, एकासाठी? दोन्हींतलं कोणतं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या तरुणाच्या पत्राला मी उत्तरही लिहिलेलं नाही.

काल दुरअलीचा फोन आला. त्याला वाचता येत नाही. इकडचं तिकडचं बोलला, मासे नाहीत म्हणाला.

"होजा, त्या टोकाच्या पेटीवरची ती गुळगुळीत जागा..." तो म्हणाला. "आज हात फिरवला. बोटाला लागतंय काहीतरी. गोल गोल आहे ना, तिथं खाली बारीक फट पडलीय."

मी टेबलावरचा ठसा जवळ ओढला.

"बोट धरलं तिथं," तो म्हणाला. "वारा येतो आतून. येतो, थांबतो... मग पुन्हा येतो. गरम आहे, होजा."