सेतूबाईंच्या चहाला आलेली

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे.

मी हन्ना. नर्स म्हणून आयुष्य काढलं. मेलेली माणसं या हातांनी धुतली आहेत. तेव्हा मी उगाच घाबरणाऱ्यातली बाई नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

१९७३ चा मे महिना. पाथर्डी तालुक्यातलं एक लहानसं गाव. गावाचं नाव सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

दुष्काळाचं ते सगळ्यात वाईट वर्ष. गावच्या विहिरी कोरड्या पडलेल्या. लोक नदीच्या पात्रात खड्डा करून त्यातलं गढूळ पाणी प्यायचे. त्या पाण्यातून कॉलरा आला. नगरच्या आमच्या मिशन दवाखान्यातून मला लस टोचायला पाठवलं. सोबत जीपचा ड्रायव्हर बन्सी. भिंगारचा माणूस. बोलायला चटपटीत, पण मनाने भित्रा.

गावात पोचलो तर एकही माणूस दंड पुढे करेना.

कारण होतं दगडाबाई.

दगडाबाई गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. ती म्हणेल ते गाव ऐकायचं. आणि दगडाबाई दारात बसून एकच वाक्य बोलायची...

"माजी सून वर आल्याबिगर मी सुई घ्यायची न्हाई."

तिची सून कडूबाई. पंधरा दिवसांपूर्वी विहीर खोल करायच्या कामावर खाली उतरली होती. कड ढासळली. बाकीचे दोराला धरून वर आले.

कडूबाई आली नाही.

दगड सारखे सुटत होते. काढायला गेलेली माणसं जीव मुठीत घेऊन परतली. शेवटी विहिरीच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकले आणि विषय संपवला.

तिचा नवरा गोरक्षनाथ त्या दिवसापासून कुणाशी बोलला नव्हता. गावातली दोन पोरं कॉलऱ्याने निपचित पडली होती. आणि मी औषधाची पेटी घेऊन नुसती बसलेली.

दुपारी शाळेतून बोलावणं आलं.

शाळेच्या खोलीत एक जपानी बाई राहायच्या. मदतकार्यासाठी आलेल्या. नाव सेत्सुको. गावाने त्यांचं सेतूबाई करून टाकलं होतं. पोरांना दुधाची भुकटी कालवून द्यायच्या. मराठीही त्या पोरांकडूनच शिकलेल्या, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायच्या.

"आज चहा," त्या म्हणाल्या. "माझ्या गावासारखा. तू ये. दगडाबाई येणार."

मी चकित झाले. दगडाबाई उंबरा सोडत नव्हती.

"ती कशी तयार झाली?"

सेतूबाईंनी दुधाच्या भुकटीचा डबा बाजूला ठेवला.

"कडूबाई माझी भांडी घासायची. माझा चहा बघून हसायची. मी बोलले होते, एकदा तुला पाहुणी करीन. नीट बसवून." मग हळूच म्हणाल्या, "राहिलं. आज करते."

बन्सी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, दिवस बुडायच्या आत आपून निघू. मेलेल्या मानसाच्या नावाचा चहा... मला न्हाई बरं वाटत."

पण दगडाबाईशी बोलायची हीच संधी होती. मी त्याला थांबवलं.

तिन्हीसांजेला आम्ही शाळेत गेलो.

दारावर गोणपाटाचा पडदा होता. इतका खाली बांधलेला, की वाकल्याशिवाय आत जाताच येऊ नये. बाहेर बादलीत थोडं पाणी आणि एक वाटी. आत जाण्याआधी हात धुवायचे.

दगडाबाईने वाटी घेतली. हात धुतले नाहीत. पाणी पुन्हा बादलीत ओतलं.

"वाया कशाला," ती म्हणाली, आणि वाकून आत शिरली.

खोली शेणाने सारवलेली. एका बाजूला कोळशाची शेगडी, तिच्यावर काळी लोखंडी किटली. पाणी उकळत होतं. बारीक, एकसुरी आवाज येत होता. बाभळीतून वारा जावा तसा.

समोर चटया मांडलेल्या होत्या. चार.

बन्सीने माझ्याकडे बघितलं. "आपून तर तिघंच..."

"ती कडूबाईची," सेतूबाई म्हणाल्या.

आधी दगडाबाई बसली. मग बन्सी. मग मी. माझ्या डाव्या हाताची चटई रिकामी राहिली.

मी ख्रिस्ती. भूतबाधेवर माझा विश्वास नव्हता. तरी मी त्या चटईपासून जरा सरकून बसले.

सेतूबाईंनी प्रत्येकापुढे गुळाचा खडा ठेवला. चौथ्या चटईपुढेही ठेवला. मग एक काळं वाडगं घेतलं. कापडाने पुसलं. किती सावकाश! आजारी लेकराचं तोंड पुसावं तसं. त्यात हिरवी पूड घातली, थोडं पाणी ओतलं आणि बांबूच्या छोट्याशा रवीने घुसळायला लागल्या.

कुणी बोलत नव्हतं. बोलायचं नसतंच म्हणे.

बाहेर अंधारून आलं होतं. कंदील कोपऱ्यात होता, पण तो लावला नव्हता. शेगडीतल्या निखाऱ्यांचा काय तो उजेड.

"एकच वाडगं. सगळ्यांनी," सेतूबाई म्हणाल्या.

दगडाबाईने दोन्ही हातांनी वाडगं घेतलं. एक घोट प्याली. काठ पुसला. बन्सीकडे दिलं.

तेवढ्यात...

गोणपाट सळसळलं.

वारा असेल. मी वळून पाहिलं नाही.

बन्सी प्याला. त्याने तोंड वाकडं केलं आणि वाडगं माझ्या हातात दिलं.

टप...

कुठंतरी पाण्याचा थेंब पडला.

टप...

मला वाटलं, किटली गळतेय.

मी घोट घेतला. कडुलिंबाच्या पाल्यासारखा कडू. तळाशी जेमतेम एक घोट उरला होता. मी काठ पुसला. आणि दोघांनी केलं तसंच, विचार न करता, वाडगं डावीकडे पुढे केलं.

ते कुणीतरी घेतलं.

दोन हात. माझ्या बोटांना बोटं लागली. गार... आणि ओली.

मला वाटलं, सेतूबाई उठून शेजारी आल्या.

मी समोर पाहिलं.

सेतूबाई शेगडीमागे बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर.

माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी पीत होतं.

घटाघटा... घटाघटा... उन्हातून आलेल्या माणसासारखं. वाडग्यात घोटभरच होतं. पण तो आवाज थांबेना.

मान वळवायचा मी प्रयत्न केला. मान वळेना. प्रार्थना आठवेना. नुसतं 'प्रभू, प्रभू' एवढंच मनात.

मग शेगडीवरच्या किटलीचा आवाज बंद झाला.

एकदम. कुणी गळा दाबावा तसा.

आणि चटईवर वाडगं ठेवल्याचा आवाज आला. हळूच. जपून.

बन्सीने काडी ओढली. दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली.

चटईवर कुणी नव्हतं.

वाडगं कोरडं ठक्क. गुळाचा खडा नाही. सेतूबाईंनी किटलीचं झाकण काढलं. मघाशी काठोकाठ भरलेली किटली... आत थेंब नव्हता.

माझी बोटं मात्र ओली होती. चिखलाने.

दगडाबाई उठून माझ्याजवळ आली. माझा हात धरून नाकाशी नेला.

"हात वला हुता तिचा?"

मी मान हलवली.

"नीट सांग पोरी. घामाचा का पान्याचा?"

"पाण्याचा. गार होता."

दगडाबाई खाली बसली. पंधरा दिवसांत ती रडली नव्हती म्हणे. आता तिच्या डोळ्यांतून धार लागली.

"कोरड्या हिरीत मेली माजी लेक," ती म्हणाली. "हात वला कुठनं आला मंग? खाली पानी हाय. ती पान्यात हाय."

सेतूबाईंनी त्या रिकाम्या चटईकडे तोंड करून जमिनीला डोकं टेकवलं. पुष्कळ वेळ तशाच राहिल्या.

ती रात्र आम्ही जीपमध्ये काढली. बन्सी निघायचं म्हणाला नाही. अंधारात गाडी चालवायची त्याची हिंमत नव्हती.

उजाडताना दगडाबाई विहिरीवर उभी होती. उघड्या हातांनी बाभळीचे काटे ओढत. हात रक्ताळलेले.

लोक जमले. "म्हातारे, कड परत ढासळंल," असं सांगू लागले.

ती कुणाकडेच बघेना.

मग गोरक्षनाथ पुढे आला. त्याने कमरेला दोर बांधला. आणि त्याच्यामागून दुसरा दोर कुणी बांधला असेल?

बन्सीने.

"सिस्टर, मला आज झोप लागली न्हाई," तो म्हणाला. "बाईला वर काढल्याबिगर पुढंबी लागायची न्हाई."

दिवसभर दगड उपसले. कड कुरकुरली, पण टिकली. उन्हं कलली तेव्हा खालून बन्सीची हाक आली...

"पानी! सिस्टर, पानी लागलं!"

आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात...

"बाई बी हायती."

कडूबाई गुडघ्यापर्यंत पाण्यात होती. वरून एक मोठी शिळा आडवी अडकलेली, म्हणून तिचं अंग चेंगरलं नव्हतं. गार चिखलात राहिल्यामुळे चेहरा ओळखू येत होता. तिला उचललं तसं खालचं पाणी बुडबुडत वर आलं.

दगडाबाईने आणि मी तिला धुतलं.

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हिरवा डाग होता. शेवाळ असेल. मी तेच म्हणाले. दगडाबाईने तो पदराने पुसला.

दहन झाल्यावर ती थेट माझ्याकडे आली. लुगड्याचा पदर सरकवून दंड पुढे केला.

"टोच."

तिच्यामागे सगळं गाव रांगेत उभं राहिलं. ती दोन पोरंही वाचली. विहिरीत औषध टाकलं, आणि पाऊस येईपर्यंत गाव त्याच पाण्यावर जगलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण निघताना मी सेतूबाईंचा निरोप घ्यायला गेले. राहवेना म्हणून विचारलं, "तुमचं तोंड आमच्याकडे होतं. तुम्हाला ती दिसली का हो?"

"दिसली," त्या सहज म्हणाल्या. "कडूबाई चटईवर बसली. खूप प्यायली. मला बरं वाटलं."

मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पण दुसरीला चहा नाही मिळाला. मला माफ कर. चटया चारच होत्या."

"दुसरी कोण?"

"तुझ्या मागे उभी होती ती."

मी मागे वळून पाहिलं.

"सेतूबाई, आम्ही तिघंच होतो. गावातलं आणखी कुणी आलं होतं का?"

"गावातली नाही." त्या माझ्याकडे नवलाने बघत राहिल्या. "तुझ्याबरोबर आली ना? पहिल्या दिवशी जीपमधून उतरली. तुझ्या मागून. मला वाटलं, तुझी बहीण."

मला बहीण नाही. जीपमध्ये बन्सी आणि मी, आम्ही दोघंच होतो.

सेतूबाई ती कशी दिसते ते सांगायला लागल्या. "केस असे..." म्हणून त्यांनी हात वर केला.

मी त्यांचा हात धरून खाली आणला. "नको," म्हणाले. "सांगू नका."

बाहेर बन्सीने जीप चालू केली होती. मी चढले. बसले.

आज इतकी वर्षं झाली. सेतूबाई पावसाळ्यानंतर त्यांच्या देशी गेल्या, पुन्हा काही कळलं नाही. मी ऐकून घ्यायला हवं होतं, असं कधी वाटतं. निदान ती दिसलीच तर ओळखता तरी आली असती.

आणि कधी वाटतं... नाही ऐकलं तेच बरं.