डाव्या हाताची गाठ

सरकून बसा पोरांनो. तालमीचा दिवा गेला तर जाऊ दे, मी आता खांबावर चढायच्या वयाचा न्हाई. सगळी नोकरी वायरमन म्हणून काढली आणि एकच शिकलो. मीटर फिरालंय म्हंजे कुठंतरी काहीतरी चालू हाय. मालक शपथ घेऊ दे, न्हाईतर पाया पडू दे, मी माणसाचं न्हाई, मीटरचं ऐकणार. त्यामुळं भुताखेताच्या गोष्टीला मी कधी कान दिला न्हाई. पण ही सिकंदरची हाय, आणि सिकंदरला तुम्ही सगळे वळखता. गंगावेशीत पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो, तोच.

गेल्या सालची गोष्ट. नवरात्रातली पंचमी. सिकंदर सकाळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तांब्याची तार आणाय गेलता. पंख्याच्या मोटरीत भरतात ती बारीक तार, रिळावर गुंडाळलेली येती. परत येताना टेंबलाईच्या जत्रेची गर्दी, वाटेत नारळाची भक्कलं, त्यातनं गाडी काढत दुकानात आला. रीळ काट्यावर ठेवलं, वजन बघिटलं, कपाटात टाकून कुलूप लावलं.

वजन कशाला? तर तार चोरीला जात हुती. नवं रीळ आणावं आणि बघता बघता ते निम्मं व्हावं. कुलूप फोडलेलं न्हाई, शटर उचकटलेलं न्हाई. आणि गंमत बघा, मागच्या खोलीत लोकांनी टाकून दिलेले फ्रिज, कूलर, मिक्सर ढिगानं पडलेले. सिकंदर त्यातलं चालतंय ते काढून दुसऱ्याच्या मशीनला बसवतो, उरलेलं सुटं करून भंगारात देतो. त्या ढिगात जुनं तांबं कितीतरी हुतं. त्याला कुणी बोट लावलेलं नव्हतं. चोराला नवीच तार पाहिजे हुती.

दुसरी किल्ली एकाकडंच. विश्वजितकडं. चंदगडकडचा पोरगा, मोटरी भरायच्या कामावर ठेवलेला. त्याच्या आधी ते काम जोतीराम करायचा, माझा जन्माचा मित्र. तुम्ही त्याला बघिटलं असंल, बारीक चणीचा, गालात कायम मशेरी. पावसाळ्याच्या तोंडाला तापाचं निमित्त झालं आणि गेला बिचारा. सिकंदरनं त्याचा फोटो हार घालून मशीनच्या वर लावलता. तार गुंडाळायचं ते हातमशीन, मुठीनं फिरवायचं, फेरा मोजताना टक-टक वाजतं. जोतीराम डावखुरा, म्हणून त्यानं मूठ डावीकडं बसवून घेतलती. तार भरून झाली की वेटोळी दोऱ्यानं बांधतात, वर व्हार्निश चढवतात, तर त्याची गाठ सगळ्यांच्या उलटी वळायची. गावात कुठंबी पंखा उघडावा, उलटी गाठ दिसली की मिस्त्री म्हणायचे, जोतीरामनं भरलाय, आत बघायचं कारण न्हाई. एवढं नाव. विश्वजित आल्यावर त्यानं मूठ काढून उजवीकडं लावली.

तर त्या पंचमीला विश्वजित म्हणाला, "चाचा, गावाकडं चाललोय. उद्या माझ्या लग्नाची सुपारी हाय."

सिकंदर "जा" म्हणाला. पण मनात पाल चुकचुकली. गावाकडं जातो म्हणायचं आणि रात्री गुपचूप परत यायचं, म्हंजे नाव यायला नको. त्यात संध्याकाळी पोरीच्या मामाचा फोन. "पावणं, पोरगा तुमच्या हाताखाली हाय. हाताचा कसा हाय, तेवढं सांगा. तुमच्या शब्दावर सुपारी फोडतो."

सिकंदर म्हणाला, "सकाळी सांगतो."

रात्री त्यानं शटर आतनं ओढून घेतलं, मेन स्विच पाडला आणि मागं फ्रिजांच्या सांगाड्याआड पोतं टाकून बसला. टेबलावर गल्लीतल्या झुंबरबाईचा पंखा पडलेला. कुरकुरतोय म्हणून आलता, मोटर जोतीरामनंच कधीतरी भरलेली. बाहेर देवीला जाणाऱ्यांची वर्दळ हळूहळू थांबली. बारा वाजून गेले. कुत्रीबी गप झाली.

डोळा लागणार, तेवढ्यात…

टक.

सिकंदर ताठ झाला. शटर वाजलं नव्हतं.

टक… टक… टक…

मशीन फिरत हुतं. सावकाश. सवयीच्या हातानं.

सापडला चोर, म्हणाला मनात. कसा आत आला ते नंतर बघू. हाक न्हाई मारली. विश्वजितचा नंबर लावला. म्हंजे हितंच अंधारात रिंग वाजंल, आणि लेकाला जाग्यावर धरू.

रिंग गेली. दुकानात काय वाजलं न्हाई. पोरानं फोन उचलला.

"चाचा? एवढ्या रातचं?"

"कुठं हाईस?"

"घरात की. चंदगडात."

"व्हिडिओ लाव."

लावला. पत्र्यावर पाऊस वाजालता, बायका बसून लाडू वळालत्या, त्याची आई डोक्यावरचा पदर सावरत, "काय झालं वं?" म्हणून पुढं आली. सगळं खरं.

टक… टक…

विश्वजितच्या तोंडावरचं हसू गेलं. "चाचा… मशीन कोण फिरवालंय?"

सिकंदरनं फोन तसाच वळवला. त्याचा उजेड टेबलावर पडला.

मशीन फिरत हुतं. रिळावरनं तार सुटत हुती.

पुढं कुणी न्हाई.

व्हार्निशचा वास आला. आणि मशेरीचा.

"जोती…?"

मशीन थांबलं.

मग फोनबी बंद पडला. सिकंदर कलमा म्हणत भिंतीला चिकटून बसला. पहाटंपर्यंत. मशीन परत सुरू झालं, पण त्यानं डोळं उघडलं न्हाईत.

उजाडल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यानं बघिटलेलं हाय. झुंबरबाईच्या पंख्याची मोटर उघडी, ह्या खेपेला मिटवायची राहिलेली. आत नवी कोरी तार, व्हार्निश अजून ओलं. मशीनची मूठ डावीकडं. आणि शेजारी, मोटरीतनं काढलेली जुनी तार, दोऱ्यानं बांधून ठेवलेली. सिकंदरनं पातं घेऊन नवी तार खरवडली. आतनं लाल. तांबं. मग जुनी खरवडली.

पांढरी.

ॲल्युमिनियम, पोरांनो. वरनं तांब्याचा रंग, आत ॲल्युमिनियम. तांबं म्हणून लोकांच्या मोटरीत भरलेलं. आणि जुन्या वेटोळ्यावरची गाठ उलटी. नव्यावरचीबी उलटी. हात एकच.

सिकंदर फोटोकडं बघत मटकन खाली बसला. "ह्याच्या नावावर मी दुकान चालिवलं रं, आकाराम," म्हणाला आणि रडला. मला रडू न्हाई आलं, मला राग आला. मेलेल्याच्या पापापायी जिता पोरगा चोर ठरणार हुता. तेवढ्यात पोरीच्या मामाचा फोन आला. सिकंदर डोळं पुसून म्हणाला, "पोरगा हाताचा सच्चा हाय. फोडा सुपारी."

पण माझा स्वभाव! मी त्याला तोंडावर म्हटलं, "विश्वजित तिकडं असंल, त्याचा कोणतरी साथीदार हितं असणार. न्हाईतर तुलाच झोपंत काम करायची सवय लागली असंल." जोतीरामच्या हातचा एकेक पंखा दुकानात येत राहिला, रात्रीत त्यात खरं तांबं चढत राहिलं, आणि नव्या तारेचं रीळ उतरत राहिलं. मी मात्र ही गोष्ट कुणाला सांगिटली न्हाई. खोटी वाटायची.

मग आज का सांगालोय?

माझ्या खोलीत टेबलफॅन हाय. जोतीरामनं भरलेला. त्या पंचमीनंतर मी तो उघडून बघिटला न्हाई, दुकानातबी नेला न्हाई. धाडस झालं न्हाई म्हणा. आत पांढरं निघालं असतं तर जन्माच्या मित्राला माझ्याच घरात चोर म्हणाय लागलं असतं. काल रात्री पंखा बंद करून, दाराला आतनं कडी घालून झोपलो.

पहाटं गार वाऱ्यानं जाग आली.

कडी तशीच. पंखा चालू. खोलीत व्हार्निशचा वास.

आणि उशाजवळ हे…

धर यशराज. भितोस काय, तारच हाय. मोबाईलचा उजेड पाड. आता किल्लीनं जरा खरवड.

…पांढरी हाय न्हवं?

आता दोरा बघ. गाठ कुठल्या अंगाला वळलीय, तेवढं सांग.

…

बोल की, लेका.