शेऱ्याचा रकाना

"हा स्क्रू रोज कोण पिळतं?"

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ना नमस्कार, ना चमत्कार!

"मी," मी फणकाऱ्याने म्हटलं. "माझ्याशिवाय इथे आहेच कोण?"

खरंच कोणी नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यामागची ही बॉयलरची खोली. आधी इथे बाबा बसायचे. ते गेल्यावर बॉयलर चालवण्याची परीक्षा देऊन मी त्याच खुर्चीवर बसले. बॉयलरमधून वाफ दहाच्या दाबाने निघते, रेग्युलेटर तिला तीनवर आणतो आणि भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये चाळीसजणी त्या वाफेवर इस्त्री करतात. त्यांचा हशा मला ऐकू येतो, शब्द मात्र येत नाहीत. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच, हॉलची मुकादम असलेली माझी मावशी. तीही फोनवर, आणि तेही "प्रेशर पडलं गं!" एवढंच.

महिनाभर ते सारखं पडत होतं. इस्त्र्या चालू झाल्या की काटा दीडवर, थांबल्या की पाचवर. मी रोज स्क्रू थोडा थोडा पिळत होते. शेवटी सर्व्हिस कंपनीने याला धाडलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने वाफ बंद केली, दाब पूर्ण उतरू दिला आणि रेग्युलेटरच्या अलीकडची जाळी काढून माझ्यासमोर धरली. गंजाने गच्च भरलेली.

"दुखणं इथे, आणि तुम्ही बिचाऱ्या स्क्रूचा कान पिळत होतात."

माझा चेहरा पडला. त्याने ते पाहिलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. "सगळे हेच करतात हो. मीही केलंय... पहिल्या वर्षी."

जाळी धुऊन बसवली. मग त्याने मलाच पुढे केलं. "आधी पाइपातलं पाणी काढा. आता वाफ सोडा... हळू... अजून हळू. घाई केली की पाइप दणके देतो."

"तुम्ही सगळ्याच बाबतीत इतके हळू का?"

"हो," तो लाजून म्हणाला. "आई तर रोज कपाळाला हात लावते."

मी हसले. त्या खोलीत माझं हसणं मलाच परकं वाटलं.

मग त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक रेग्युलेटरला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. "ऐका. एकसारखी सूं... येते ना? ती तुटायला लागली की समजायचं, जाळी भरली."

सूं येत होती. त्याच्या मनगटाला साबणाचा वासही येत होता.

जाताना त्याने स्क्रू आणि नट यांवरून रंगाची एक लाल रेघ ओढली. "रेघ जुळलेली आहे तोवर मला बोलावू नका. आठवड्याला जाळी साफ करा, बास."

"आणि तुटली तर?"

"तर येऊन विचारेन, कोणी तोडली."

तो गेला. मी जाळी साफ करत राहिले आणि काटा तीनवरून हलेना. एक महिना, दोन, तीन. मावशीचा फोनसुद्धा बंद झाला! दुपारी डबा खाताना मी स्क्रू ड्रायव्हर रेग्युलेटरला लावून ती सूं ऐकत बसायची. वेडीच झाले होते म्हणा ना.

एके दिवशी मी पाना घेतला. पाव फेरा... फक्त पाव. रेघ तुटेल, काटा चढेल, तो येईल. पाना नटावर बसलाही. तेवढ्यात भिंतीपलीकडे हशा पिकला. चाळीसजणींच्या हातात त्या इस्त्र्या होत्या. मी पाना ठेवून दिला आणि खूप रडले.

चारचा दाब वहीत लिहायचा होता. वहीचं पान दुहेरी. खालची प्रत महिनाअखेरीस सर्व्हिस कंपनीला जाते, पण ती कोण मेलं वाचतंय! मी लिहिलं: दाब तीन. शेऱ्याच्या रकान्यात रोज 'ठीक' लिहायची, त्या दिवशी लिहिलं: 'काहीच बिघडत नाही, हीच तक्रार आहे.'

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तो दारात उभा. खांद्याला पिशवी नाही, अंगात धुतलेला शर्ट. आधी सरळ रेग्युलेटरपाशी गेला आणि लाल रेघ बघितली.

"जुळलेली आहे."

"हो."

"मला वाटलं होतं, एव्हाना तोडली असेल..."

"पाना लावला होता," मी म्हटलं. खोटं बोलावंसंच वाटेना. "नाही फिरवला."

तो म्हणाला, "तुमच्या वहीची पानं मीच वाचतो. नव्वद वेळा 'ठीक' वाचलं. जिथे ठीक असतं तिथे मला कोणी बोलावत नाही हो. चालू असलेलं यंत्र मी कधी निवांत बघितलेलंच नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आज रजा टाकून आलोय. बसू?"

खोलीत खुर्ची एकच. मी ती त्याला दिली आणि स्वतःसाठी रंगाचा रिकामा डबा पालथा घातला.

फोन वाजला. "काय गं," मावशी, "आजही प्रेशर अगदी छान आहे, म्हटलं जिवंत आहेस ना?"

"आहे गं," मी म्हटलं.

चार वाजता मी वहीत तीन लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला. वाचणारा शेजारीच बसला होता.