पिंपाचं झाकण

पैज लावली तेव्हा बाबांना गमवायचं काहीच नव्हतं. असतं तर त्यांनी लावलीच नसती. धाकटीनं परातीएवढं मातीचं थाळं चाकावरून न वाकवता उतरवून दाखवलं, तर खिडकीजवळचं चाक तिचं. नाही जमलं, तर चाक थोरल्या भावाला, आणि हिनं मुकाट्यानं त्याच्या भांड्यांवर फुलं रंगवायची.

एवढं रुंद थाळं ओलं असताना हातानं उचललं की मुडपतंच, हे बाबांना ठाऊक होतं. तिलाही होतं. म्हणून तिनं ठरवलं, थाळं उचलायचंच नाही. चाकावर लाकडाची एक सुटी चकती बसवायची, तिच्यावर थाळं घडवायचं आणि चकतीसकट उतरवायचं.

चकती कुठून आणावी या विचारात ती गल्लीच्या टोकाशी आली आणि सुताराच्या दुकानापुढे थबकली. त्याच्या पाण्याच्या पिंपावर अगदी तशीच चकती होती... गोल, जाड, गुळगुळीत. बेसिनसाठी फळी कापताना मधून निघालेली.

"हे झाकण द्याल?"

रंधा थांबला. भुवयांवर भुसा बसलेला एक तरुण चेहरा वर आला. "नुसतं झाकण, की पिंपही?"

"नुसतं झाकण."

"आणि मी भुशाचं पाणी पिऊ?"

"दिवसभर लाकूडच खाता की. पचेल."

तो हसला, पण खाली बघून. तिनं ते टिपून ठेवलं.

चाकावर दोन खुंट्या होत्या. चकतीला बरोबर तेवढ्याच अंतरावर दोन भोकं हवी होती. माप घ्यायला तो यायला तयार होता, पण सुतारानं उंबरा ओलांडला असता तर 'परक्याची मदत घेतलीस' म्हणत बाबांनी पैजच मोडली असती. मग तिनं मातीची वडी चाकावर दाबली, खुंट्यांचा ठसा घेतला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे पोचवला.

"परवा या," तो म्हणाला.

परवा चकती तयार होती. घरी येऊन ती चाकावर ठेवली, तर एक खुंटी आत गेली आणि दुसरी जवभर बाहेर राहिली. बाबा शेजारी चहा पीत बसले होते. "चाकालाच सांग," ते म्हणाले, "जरा अंग चोरून बस म्हणावं."

चकती घेऊन ती तडक दुकानात गेली. "माझा ठसा कुठे ठेवला होतात?"

"खिडकीत. उन्हात. चांगला जपून."

"माती सुकली की आखडते!"

त्यानं चकती हातात घेऊन भोकांवरून बोट फिरवलं. "लाकूड फुगतं ते माहीत होतं. मातीचं कुणी सांगितलं नाही."

"त्याच दिवशी भोकं पाडायला काय झालं होतं?"

"त्याच दिवशी पाडली असती, तर त्याच दिवशी घेऊन गेला असतात." कानस शोधायच्या निमित्तानं त्यानं पाठ फिरवली. "परवा म्हटलं, की... परवा पुन्हा येणार."

यावर रागवायला हवं होतं. पण रागावलेलं माणूस स्टूल पुढे ओढून बसत नाही, आणि ती बसली होती.

त्यानं एक भोक तसंच गोल ठेवलं, दुसरं कानशीनं लांबट केलं. "गोल आहे ते धरून ठेवील. लांबट आहे ते सांभाळून घेईल. आता खुंटी जवभर इकडे असो की तिकडे, चकती बसणार."

"चूक केलीत आणि वर शहाणपण शिकवताय."

"चुकलो नसतो तर सुचलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी थाळं चकतीसकट उतरलं. सपाट, गोल, काठाला लाट नाही. बाबांनी सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. "हे हातानं नाही, फळीनं उतरवलंस. चाक थोरल्याचं."

"हातानं असं ठरलं नव्हतं, बाबा. तुम्ही हरलात."

"या घरात ठरवतो मी."

"मग मागच्या अंगणातलं गंजकं चाक मी नेते."

बाबा मिशीत हसले. त्या चाकाच्या खुंट्या एकमेकींपासून जरा जास्त लांब होत्या, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. "खुशाल ने. तुझी फळी बसायची नाही त्याच्यावर."

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं," आतून आवाज आला. "ने म्हणालेत."

हातगाडी घेऊन सुतार आला तेव्हा मात्र बाबांचं हसू मावळलं. "कुठे नेताय हे?"

"माझ्या दुकानात," तो म्हणाला. "उजेड बरा आहे."

"लोक काय म्हणतील, धाकटे?"

"म्हणतील, हिची थाळी सरळ येतात."

दुकानात दोघांनी मिळून चाक पुसलं, तेल दिलं. चकती ठेवली. पहिली खुंटी गोल भोकात गेली. दुसरी जरा अडली... सरकली... आणि बसली. दोघांचे हात चकतीवरच होते. ते कुणीच लगेच उचलले नाहीत.

पैजेचं थाळं आईनं गुपचूप भट्टीत खालच्या थरात सरकवलं होतं. भाजून निघाल्यावर धाकटी ते घेऊन आली आणि उघड्या पिंपावर ठेवलं. "तुमचं झाकण."

"माझं लाकडाचं होतं."

"ते परत मिळणार नाही."

"पण हे जड आहे. तहान लागली की दर वेळी उचलायचं कुणी?"

"मी."

"रोज?"

"रोज." तिचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही. "आणि हे 'तुम्ही-तुम्ही' आता पुरे. जमेल तुला?"

"तू म्हणतेस तर जमेल," तो म्हणाला. या वेळी हसताना त्यानं खाली पाहिलं नाही.

आता हिशेब. त्याची अर्धी जागा चिखलात गेली. तिच्या वेणीतला भुसा काही केल्या निघत नाही. दोघंही ही तूट कौतुकानं दाखवत फिरतात. आणि एका दुपारी ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून बाबा स्वतः त्या दुकानाचा उंबरा चढले. थोरल्यालाही रुंद थाळ्यांची मागणी आली होती, आणि त्याची सगळी मुडपत होती.

"ठेवा बाबा," सुतार म्हणाला. "आजच देतो. माती आखडते."

बाबांनी पाणी प्यायला पिंपाचं झाकण उचललं. उलटं केलं, डोळ्यांसमोर आडवं धरून काठ पाहिला, आणि जपून परत ठेवलं. धाकटी चाकावरून बघत होती.

"सरळ आहे," बाबा म्हणाले.

पैज लावताना ज्यांना गमवायचं काहीच नव्हतं, त्यांचे शेवटी एवढे दोन शब्द गेले. आयुष्यात याहून महाग त्यांनी काही मोजलं नव्हतं.