वीतभर वायर

धाड!

निळी ठिणगी उडाली आणि महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लॅबमधले, दुसऱ्या मजल्यावरचे, सगळे दिवे एका दमात गेले. खिडक्यांना काळी फिल्म, म्हणून भरदुपारीही अंधार. जळका वास नाकात शिरला.

"कोणी हलू नका!" अक्षता ओरडली. "कपॅसिटर अजून चार्ज आहे. कशालाही हात लावू नका!"

"मी तं अजून आत पन आलो नाय, मॅडम."

आवाज दारातून आला. अनोळखी, पुरुषी आणि… हसू दाबलेला. मग मोबाइलचा टॉर्च लागला. उजेडामागे एक उंच तरुण उभा होता. पाठीला सॅक, कपाळावर घाम.

"तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं, जिने मोजायला चुकलो," तो म्हणाला. टेबलाकडे बघून त्याने मान हलवली. "मॉसफेट गेला."

"वासावरून ओळखलंत?"

"तुमच्या तोंडावरून. कपॅसिटर फुटला की मानूस वैतागतो. मॉसफेट फुटला की रडायला येतं."

अक्षताने गॉगल काढायचा टाळला. कारण खरंच रडायला येत होतं.

तो धनेश. जवळच्याच तळवली गावचा. डिप्लोमा करून इलेक्ट्रॉनिक पार्ट विकणाऱ्या एका कंपनीत लागलेला. दिवे येईपर्यंत त्याने कार्ड ठेवलं आणि "सँपल लागलं तर सांगा, फुकट हाय" म्हणून वर निघून गेला. जाताना दोनदा वळून पाहिलं. एकदा बोर्डाकडे. दुसऱ्यांदा कुठे, ते अक्षताने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण तसं नाही…

ई-रिक्षाचा चार्जर हे तिचं स्वतःचं पहिलं डिझाइन होतं. आजवर ती दुसऱ्यांच्या बोर्डांचं टेस्टिंग करायची, त्यांच्या चुका शोधायची. यावेळी कंपनीचे मालक अभय सर म्हणाले होते, "बनव तू. पण महिनाअखेर ई-रिक्षा बनवणारी पार्टी बघायला येणार. पूर्ण लोडवर चालला नाही तर मी बाहेरून तयार डिझाइन घेतो, आणि तू परत टेस्टिंगला."

अर्ध्या लोडवर चार्जर गुणी बाळासारखा चालायचा. पूर्ण लोड दिला की मॉसफेट फुटायचा. मॉसफेट म्हणजे साधा स्विच — फक्त सेकंदाला लाखभर वेळा उघडणारा, मिटणारा. का फुटतो? व्होल्टेज जास्त होतं? तापतो? की पार्टच खोटा आहे? रात्री कूस बदलताना तिच्या डोक्यात हेच. ताप नसताना ताप मोजत राहावं, तसं ती बोर्डाला सारखी हात लावून बघायची.

शेवटी तिने कार्डावरचा नंबर लावला.

धनेश दुसऱ्याच दिवशी हजर. सँपलच्या पुड्या तो स्वतः घेऊन आला होता.

"कुरिअरने पाठवायचे की."

"कुरिअरवाल्याला पार्टची डेटाशीट समजावता येत नाय ना."

"मला वाचता येते."

"पहिलं पान वाचता का आतलं?" तो स्टुलावर टेकला. "पहिलं पान म्हंजे लग्नाचा बायोडाटा, मॅडम. त्यात सगळेच गुनी. अमका अँपिअर, तमका अँपिअर — पन पंचवीस डिग्रीला! महाप्यात पंचवीस डिग्री कवा असते? खरा मानूस आतल्या ग्राफमदी कळतो. गरम झाला की किती टिकतो ते बघायचं."

"तुमच्या ग्राफमध्ये काय आहे?" तोंडातून निघून गेलं, आणि तिचेच कान तापले.

"आमचा ग्राफ अजून कोनी उघडलाच नाय," तो म्हणाला, आणि पुडी फाडण्यात गढून गेला.

तो पार्टही फुटला. मग त्याने जास्त व्होल्टेजचा आणला. तोही गेला. मग त्याहून जास्त व्होल्टेजचा. पार्ट फुटायचे, धनेश यायचा, स्कोपच्या पडद्यावर सिग्नल काढणाऱ्या हिरव्या रेषेकडे बघताना दोघांचे खांदे जवळ यायचे, आणि एकदम कुणीतरी खोकायचं. एकदा सँपलच्या चंदेरी पिशवीबरोबर करवंदांचा द्रोण आला.

"हे काय?"

"स्कीम हाय. सँपलवर करवंदं फ्री."

"कुठल्या कंपनीची स्कीम?"

"आमच्या आयेची."

अक्षता हसली, आणि घरी जाताना गोंधळली. सीवूड्स स्टेशनला उतरली तरी गोंधळ उतरला नव्हता. हा माणूस ऑर्डरसाठी येतो की…? ऑर्डरसाठीच येत असणार. सेल्सवाले गोडच बोलतात. मग तिला ते लागावं का? आणि चार्जर फुटला की पूर्वी नुसता वैताग यायचा. आता वैतागाच्या शेजारी आणखी काहीतरी यायचं. त्याचं नाव तिला माहीत होतं आणि घ्यायचं नव्हतं.

महिना सरत आला. अक्षताने शेवटचा उपाय काढला — सगळ्यात महागडा, सगळ्यात दणकट पार्ट. अभय सर कुरकुरत तयार झाले. धनेशच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर असणार होती ती. सर सही करायला केबिनमध्ये पेन शोधत होते, तेव्हा धनेश लॅबमध्ये आला. सॅक खाली ठेवली नाही.

"मॅडम, ऑर्डर देऊ नका."

"काय?"

"ह्यो पन फुटनार. पार्टचा दोष नाय. एकाचा पन नव्हता." त्याने बोट दाखवलं. "ती वायर बघा."

मॉसफेटला 'उघड', 'मीट' असं सांगणारा ड्रायव्हर अक्षताने वेगळ्या छोट्या बोर्डावर ठेवला होता. दोघांमध्ये वीतभर वायर. मॉसफेट तापतो, त्याची झळ ड्रायव्हरला नको, म्हणून तिने जपून, मुद्दाम लांब ठेवला होता.

"येवढ्या लांबून हाक मारली तर नीट पोचत नाय," धनेश म्हणाला. "वायरीत लाट उठते. मॉसफेट मिटायच्या टायमाला परत उघडतो आनि फुटतो."

अक्षताने स्कोपकडे पाहिलं. ती लाट होतीच तिथे. रोज होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

तो सॅकचा पट्टा ओढत राहिला.

"धनेश, कधी?"

"दुसऱ्या खेपेला."

"दुसऱ्या…?" तिचा आवाज चिरकला. "माझं डिझाइन हातचं जात होतं, आणि तुम्ही करवंदं आणत होतात?"

"दर वेळी जिन्यात ठरवायचो, आज सांगनार. मंग तुमी इचारायच्या, दुसरा कुठला आणाल? आनि तोंडातून 'उद्या आनतो' निघायचं." त्याने मान खाली घातली. "सांगितलं असतं तं परत यायला कारन काय होतं मला?"

किती वेडगळ उत्तर. किती… तिला ओरडायचं होतं, हसायचं होतं, स्टूल फेकायचं होतं. यातलं आधी काय करावं तेच ठरेना.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

तो गेला. जिन्यातून त्याच्या पायांचा आवाज संपेपर्यंत ती हलली नाही. आणि मग एक नकोसा प्रश्न उठला — लाट तर तिनेही पाहिली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिचा हातखंडा. मग रोज "पार्ट बदलून बघू" असं ती का म्हणत राहिली? खरंच कळलं नव्हतं? की…

उत्तर तिने शोधलं नाही. सोल्डरिंग गन गरम केली. ड्रायव्हर उचलून मॉसफेटच्या पायाशी, अगदी अंगाला अंग लागेल असा बसवला. मग झोपलेल्या बाळाच्या खोलीत पाऊल टाकावं तसा, श्वास धरून, लोड वाढवत नेला. पाव. अर्धा. पाऊण. पूर्ण.

काही फुटलं नाही. पंखा गुणगुणत राहिला. हिरवी रेष सरळ पायरीसारखी उभी. ड्रायव्हरला झळ लागत होती. तिने बोट लावून पाहिलं. सोसण्याइतकीच.

ठरल्या दिवशी रिक्षावाली पार्टी आली, चार्जर तासन् तास चालताना पाहून गेली. "पुढचंही डिझाइन तूच," अभय सर म्हणाले. पार्टची ऑर्डर साध्या, पहिल्याच मॉसफेटची निघाली. धनेशच्या कंपनीतून माल कुरिअरने आला. वेळेवर, पॅकिंगही चांगलं. अक्षताला त्या खोक्याचा इतका राग आला की तिने ते पायाने टेबलाखाली ढकललं.

सगळं चालत होतं. मग चुकल्यासारखं का वाटत होतं?

तिने फोन लावला.

"बोला मॅडम," पलीकडून घाईघाईने. "काय फुटलं?"

"काही नाही फुटलं."

"मंग काय आनू?"

"काही नको." तिने डोळे मिटले. "रिकाम्या हातांनी ये."

"…'ये' बोललात?"

"हो."

"राग गेला?"

"नाही. राग आहे. तरी ये."

संध्याकाळी तो कंपनीच्या गेटबाहेर उभा होता. सॅक नाही, पिशवी नाही. हात खिशात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. टपरीवरचा चहा उतू जायच्या बेतात होता, ट्रक धूळ उडवत चालले होते.

"ऐक," अक्षता त्याच्यासमोर येऊन म्हणाली. शब्द जपून, चाचपून. "तू मला आवडतोस का, ते मला अजून नीट कळत नाहीये. खरंच कळत नाहीये. पण तू येत नाहीस, ते मला आवडत नाही. एवढं पक्कं कळलंय."

धनेशने तिच्याकडे पाहिलं. यावेळी ती दुसरीकडे बघत नव्हती.

"येवढं भरपूर हाय," तो म्हणाला. "बाकीचं कळंल तवा कळंल. मी येत ऱ्हानार. कारन नसलं तरी."

"आणि पुन्हा काही लपवलंस तर?"

"तं तुमी फुटा. मी झेलतो."

ती हसली, मग रागावली, मग पुन्हा हसली. कुठे जायचं ते दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. धुळीतून, ट्रकांच्या कडेकडेने, ती त्याच्या शेजारून चालायला लागली.