अकरा रिकामी पाकिटं

बुधवारी सकाळी कारकून लोरेटाने ड्रॉवरमधून किल्ली काढून दवाखान्याची अर्जपेटी उघडली, कात्रीने एकेक पाकीट कापलं आणि तिचा चेहरा पडला. अकरा पाकिटं रिकामी होती, वर फक्त नावं.

अलाबामाच्या किनाऱ्यावरचा हा फुकट दवाखाना. येणाऱ्या बहुतेक खेकडे सोलणाऱ्या बाया, विमा एकीचाही नाही. कमाईच्या कागदांसह दरवर्षी नवा अर्ज टाकला, तरच त्यांचं उपचारकार्ड पुढे चालायचं.

व्यवस्थापक प्रेन्टिसने एका दमात निकाल लावला.

"किल्ली लोरेटाच्या ताब्यात. दुपारपर्यंत कागद सापडले नाहीत तर तिने उद्यापासून येऊ नये."

"आणि कार्डांचं काय?" व्हर्ना टिब्जने विचारलं.

"पेटीत पाकीट टाकल्याची पोच त्यांच्याकडे आहे. कागद आपल्याकडून हरवले तर कार्ड साठ दिवस चालू. तसा नियम आहे."

तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेली व्हर्ना इथे लोकांचे अर्ज भरून द्यायची. त्या आठ पानी अर्जाचा तिला मनापासून संताप यायचा. आता त्यापायी लोरेटाची नोकरी जायची वेळ आली होती.

अकरांतली एक, ओडेसा, बाकावर धापा टाकत बसली होती. शुक्रवारी मोठ्या इस्पितळात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, त्याच कार्डावर.

"अर्ज तूच टाकलास?" व्हर्नाने तिला विचारलं.

"मीच. काल."

"पाकिटात काय होतं?"

"अर्ज. अजून काय असणार, खेकडे?"

"कमाईचे कागद किती जोडलेस?"

ओडेसाने डॉक्टरांच्या खोलीकडे पाहिलं. "मला दम लागतो, मिस व्हर्ना. जास्त बोलायला लावू नका."

व्हर्नाने पाकिटं हातात घेतली. सपाट, करकरीत. तोंडं पांढऱ्या कागदी पट्टीने चिकटवलेली, जखमेवरच्या कापसाला लावतात तसल्या.

"लोरेटा, ही पट्टी तुझी?"

"माझ्याकडे फक्त स्टेपलर आहे."

"काल तपासायला कोण होतं?"

"डॉक्टर ॲन्सली. मंगळवारी आणि बुधवारी तेच येतात, दुसरं आहे कोण?"

व्हर्ना डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"चोरी झालीच नाही, डॉक्टर. आठ पानं दुमडून घातली की पाकिटाचं पोट फुगतं, कडेला वळ पडतात. या पाकिटांत कधी काही नव्हतंच. अकराही जणी तुमच्या कालच्या पेशंट. आणि पट्टी तुमच्या ट्रेमधली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हंगामात त्यांना जादा तास मिळाले. एका महिन्यापुरती कमाई कार्डाच्या मर्यादेच्या वर गेली. खरा अर्ज टाकला की कार्ड बंद. हंगाम संपला की पुन्हा मिळेल, पण ओडेसा तोवर टिकणार नाही. म्हणून मीच त्यांना रिकामी पाकिटं टाकायला सांगितली."

"आणि लोरेटा?"

"तिच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही."

"कसं येईल? भलं करताना तुम्हाला आजूबाजूचं दिसत नाही." व्हर्नाचा आवाज चढला. "खरं सांगितलं तर ओडेसा जाते. गप्प बसले तर लोरेटाच्या पोटावर पाय. काय करू मी आता?"

डॉक्टर उठले आणि सरळ प्रेन्टिसच्या टेबलापाशी गेले.

"काल लोरेटा जेवायला गेली तेव्हा तिच्या ड्रॉवरमधून किल्ली मी घेतली. औषधांची नावं पाहायला पाकिटं उघडली. कागद चुकून रद्दीचे तुकडे करणाऱ्या यंत्रात गेले. घाबरून मी पाकिटं पट्टीने बंद केली."

प्रेन्टिसने पट्टी नखाने उचकटून पाहिली. व्हर्नाने बाकीची सपाट पाकिटं त्याच्यापुढून उचलली.

"डॉक्टर," प्रेन्टिस म्हणाला, "यापुढे तुम्ही इथे येऊ नका."

ओडेसा बाकावरून उठू लागली. "मिस व्हर्ना, हे माझ्यामुळे..."

"तू खाली बस. शुक्रवारी जा आणि जिवंत परत ये."

डॉक्टर कोट घेऊन निघून गेले. दवाखान्याला दुसरा डॉक्टर नव्हता.

"पुढच्या मंगळवारी बावीस जण यायचेत," लोरेटा हळूच म्हणाली. "त्यांना काय सांगायचं?"

व्हर्नाने त्या बावीस जणांची यादी ओढून घेतली आणि पहिल्या नावाला फोन लावला.